उत्तम उडी मारणारी उमेदवार एएफएफ प्रशिक्षकाच्या परीक्षेत का अडकते: एक प्रकरण अभ्यास

उमेदवाराची स्कायडायव्हिंगची नोंदवही पाहिली तर नापास व्हायचं काही कारण दिसत नाही. ६४० उड्या, त्यांतल्या बहुतेक पोटावरच्या फोर-वे फॉर्मेशनच्या, म्हणजे चौघांनी हवेत मिळून आकृत्या करायच्या. यूएसपीएचं, म्हणजे युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचं, सर्वांत वरचं डी लायसन्स आणि दोन वर्षांपासून कोच रेटिंग. एका उडीत सरासरी ५० सेकंद मुक्तपतन धरलं तर हवेतले जवळपास नऊ तास होतात. नवख्यांना उडी शिकवणाऱ्या एएफएफ प्रशिक्षकासाठी यूएसपीए किमान सहा तास मागते. वय १८ पूर्ण, सी किंवा त्यावरचं लायसन्स, शिकवण्याचं आधीचं रेटिंग, सह्यांनी भरलेलं प्रावीण्य कार्ड, सगळं जागेवर. तरी पहिल्या दोन मूल्यमापन उड्यांवर ‘असमाधानकारक’ असा शेरा आला, आणि तिसरी उडी हवेत छान होऊनही जमिनीवर फसली.

ही उमेदवार कुणी एक व्यक्ती नाही. या अभ्यासक्रमात वारंवार दिसणाऱ्या अडचणी एकत्र करून उभा केलेला हा नमुना आहे. नियम आणि वेळेची गणितं मात्र खरी आहेत.

परीक्षा नेमकी कशाची

एएफएफमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेलरेटेड फ्रीफॉलमध्ये, नवखा पहिल्याच उडीला स्वतःच्या पाठीवरचं पॅराशूट घेऊन बाहेर पडतो. टँडमसारखा तो प्रशिक्षकाला बांधलेला नसतो. ठरलेल्या उंचीवर, पोटावर स्थिर राहून, कुणाच्या मदतीशिवाय पॅराशूट उघडता येतं हे तो खात्रीने दाखवेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक हार्नेस धरून असतो. उजवीकडचा मेन-साइड, कारण मुख्य (मेन) पॅराशूट बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, म्हणजे पायलट चूट, उजव्या कमरेखाली असते; डावीकडचा रिझर्व्ह-साइड, म्हणजे राखीव पॅराशूटच्या हँडलच्या बाजूचा. नंतर एकच प्रशिक्षक उरतो आणि त्याने हात सोडला की विद्यार्थी आणि त्याच्यात फक्त हवा असते.

मूल्यमापन उडीत अनुभवी मूल्यमापकच विद्यार्थी बनतो. तो ठरवून चुका करतो, खुणा न पाहिल्यासारखं करतो, पट्टा उलटा ओवून येतो. त्याला दोनच गोष्टी तपासायच्या असतात: उमेदवार विद्यार्थ्यापासून हातभर अंतरात राहते का, आणि निर्णय उंची पाहून घेते की परिस्थिती पाहून. बाकी सगळं, म्हणजे सुबक उड्डाण, अचूक डॉकिंग (हवेत दुसऱ्याला जाऊन धरणं), देखणी एक्झिट, या दोन्हींच्या मागे येतं. आमच्या उमेदवाराचा गोंधळ इथेच होता. ती उड्डाणाची परीक्षा द्यायला आली होती.

पहिली उडी: समोर जाऊन उभं राहणं

सी कॅटेगरीची, म्हणजे अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यातली, एका प्रशिक्षकाची उडी. १३,५०० फुटांवरून एक्झिट. दारात ‘चेक इन, चेक आउट, अप, डाउन, आर्च’ हा क्रम बिनचूक झाला. फोर-वेचा फायदा इथे दिसतोच. विद्यार्थ्याच्या क्षणभर आधी किंवा नंतर सुटून त्याला फिरवून टाकणं ही नवख्या उमेदवारांची नेहमीची चूक तिच्याकडून झाली नाही. अवेअरनेसचं पहिलं चक्र झालं: क्षितिज, अल्टिमीटर (उंचीमापक), प्रशिक्षक. पायलट चूटला हात लावण्याचा सराव झाला. ११,००० फुटांवर विद्यार्थी स्थिर दिसला आणि तिने पकड सोडली.

मग ती बाजूने सरकत समोर आली, साधारण अडीच मीटरवर, चेहऱ्यासमोर. ही कोचिंगची सवय. कोच ज्याला शिकवतो तो उडी मारणारा एकट्याने उडायला मोकळा झालेला असतो, स्वतःचं पॅराशूट स्वतः उघडू शकतो. समोर राहून त्याला खुणा करणं, डॉक करायला लावणं हेच तिथलं काम. तीन मीटर लांब राहिलं तरी काही बिघडत नाही. एएफएफच्या विद्यार्थ्याबाबत तीन मीटर म्हणजे तो हातचा गेला.

‘विद्यार्थ्या’ने गुडघे दुमडून टाचा मागे ओढल्या. पाय आत घेतले की शरीर मागे सरकायला लागतं. तिने दोन बोटं सरळ करून ‘पाय लांब कर’ ही खूण केली, खूण बरोबरच होती. त्याने ती पाहिली नाही. अंतर पाच-सहा मीटर झालं. ८,००० फुटांवर त्याने एक गुडघा खाली सोडला आणि हळू वळण सुरू झालं, बघता बघता त्याच्या गिरक्या झाल्या. आता ती त्याच्याभोवती, त्याच्याच दिशेने, मोठ्या वर्तुळात फिरत होती. मधे फिरणाऱ्यापेक्षा बाहेरून पाठलाग करणाऱ्याला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे हा पाठलाग कधीच पुरा होत नाही. ५,५०० फुटांवर, जिथे विद्यार्थ्याने हात हलवून पॅराशूट उघडायचं, तिथे ती समोरून तर्जनी रोखून ‘ओढ’ सांगत होती. गिरक्या घेणाऱ्याला ते बोट दिसणार कसं? ४,६०० फुटांवर तिने त्याचा दंड पकडला, पायलट चूटपर्यंत हात पोहोचण्याआधीच ४,००० च्या सुमारास मूल्यमापकाने स्वतः पॅराशूट उघडलं.

व्हिडिओ पाहिल्यावर तिचं पहिलं म्हणणं असं होतं की गिरकी जोरात होती. गिरकी जोरात होती हे खरं, पण तिची सुरुवात अडीच मीटरवरून निवांत पाहिली गेली. योग्य जागी असती तर गुडघा खाली गेला त्याच क्षणी हात कमरेच्या ग्रिपवर पडला असता आणि गिरकी जन्मालाच आली नसती.

योग्य जागा कुठली? विद्यार्थ्याच्या बाजूला, त्याच्याच पातळीवर, खांदा त्याच्या कमरेच्या रेषेत, शरीर त्याच्याकडे तिरकं वळलेलं. आतला हात हार्नेसच्या ग्रिपपासून वीतभर अंतरावर, धरलेला नसला तरी धरायच्या तयारीत. तिथून पायलट चूट, मांडीचा पट्टा आणि अनेक विद्यार्थी-संचांत प्रशिक्षकासाठी दिलेला वेगळा हँडल, सगळं पातळी न बदलता हाताला लागतं. समोरून यातलं काहीच लागत नाही. बाजूला वळसा घालून यावं लागतं आणि तेवढ्यात हजार फूट जातात. खुणांसाठी समोर जावं लागतं हा गैरसमज आहे. विद्यार्थ्याने अल्टिमीटर पाहून प्रशिक्षकाकडे मान वळवायची हे जमिनीवरच घोटून घेतलेलं असतं. त्याने मान वळवलीच नाही तर ती माहितीसुद्धा महत्त्वाचीच: त्याचं भान आटलंय, जवळ जा.

आणि गिरकी सुरू झालीच तर मागे लागायचं नाही. त्याच्या पातळीवर, जवळ, एका जागी थांबायचं. फिरत येणारा हात किंवा पाय आपल्याकडे येतो, तो पकडून फिरणं थांबवायचं आणि मग हार्नेस धरून कमरेपर्यंत यायचं.

दुसरी उडी: वजनाचा हिशेब

दुसऱ्या वेळी ती बाजूला राहिली. पण पकड सोडताच दोन मीटर वर तरंगली. मूल्यमापक ८८ किलोचा, अंगाला घट्ट सूट, जोरात आर्च केलेला, म्हणजे कंबर पुढे काढून शरीराची कमान केलेला. ती ५८ किलोची, फॉर्मेशनचा सैल सूट घातलेली. मुक्तपतनाचा वेग वजन आणि वाऱ्याला समोरून दिसणारं क्षेत्रफळ यांवर ठरतो. ताशी १२० मैल हा सरासरीचा आकडा, प्रत्येकाचा वेगळा. तिचा सर्वांत वेगवान आर्च त्याच्या नेहमीच्या वेगाला पुरत नव्हता.

मग घाई झाली. हातपाय आत घेऊन ती खाली झेपावली, पातळी चुकली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि ६,००० फुटांच्या जवळ थेट त्याच्या पाठीवर आली. हे मूल्यमापनात अक्षम्य आहे, आणि त्यात कडकपणा काही नाही. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची पोकळी असते, तिला बर्बल म्हणतात. तिच्यात शिरलेल्या माणसाला आधार देणारी हवा मिळत नाही आणि तो खालच्यावर आदळतो. शिवाय विद्यार्थी घाबरून कुठल्याही क्षणी पॅराशूट उघडू शकतो. तेव्हा पायलट चूट, बॅग आणि दोऱ्या जातात त्या वरच. ताशी १२० मैलांनी पडणारा प्रशिक्षक उघडत्या पॅराशूटवर गेला तर दोघेही वाचणं कठीण. विद्यार्थ्याच्या वर कधीच नाही, कुठल्याही कारणासाठी नाही.

उपाय साधा होता आणि कोर्सला येण्याआधीच व्हायला हवा होता: घट्ट सूट, आणि कमरेला शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्यांचा पाच किलोचा वेट बेल्ट. बेल्ट हार्नेसच्या आत घालायचा, आणि स्वतःच्या कुठल्याही हँडलवर येणार नाही असा. वजनाची किंमत मात्र लँडिंगला मोजावी लागते. ५८ किलो आणि ११ किलोचा संच मिळून ६९ किलो, म्हणजे १५२ पौंड. तिच्या १५० चौरस फुटांच्या पॅराशूटवर विंग लोडिंग, म्हणजे दर चौरस फुटाला पौंडांत वजन, १.०१ होतं, बेल्टसह ते १.०९ झालं. तिच्या अनुभवाला हे सहज झेपणारं आहे, पण फ्लेअर, म्हणजे उतरताना पॅराशूटला शेवटी लावायचा ब्रेक, थोडा वेगळा लागतो. म्हणून नवा बेल्ट लावून आधी दोन-तीन एकट्याच्या उड्या घ्याव्यात, विद्यार्थी बरोबर असताना प्रयोग नकोत.

उलटी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. बेल्टमुळे कमाल वेग वाढतो तसा किमान वेगही वाढतो. छाती आत घेऊन, ताठरून, हवेवर तरंगणारा हलका विद्यार्थी आला तर आता तीच खाली जाईल. त्यामुळे बेल्ट रोजचा नव्हे; विद्यार्थ्याचं वजन पाहून लावायचा किंवा काढायचा. पाठीवर उलटलेला विद्यार्थी आणखी वेगाने पडतो, त्याच्यामागे जायची ताकद शिल्लक असायला हवी.

विंड टनेलमध्ये तिने यावर काम केलं. समोर एक जण स्थिर, हवेचा वेग मुद्दाम कमीजास्त करून त्याच्या पातळीवर टिकायचं. मग त्याने गिरक्या घ्यायच्या आणि तिने जागा न सोडता त्याला पकडायचं. टनेल पातळीसाठी आणि पकडीसाठी फार उपयोगी आहे. एक्झिट किंवा लांबवर मागे सरकणारा विद्यार्थी तिथे शिकता येत नाही, भिंती आड येतात.

उंचीचे आकडे

दोन्ही उड्यांत एक चूक सारखीच होती, आणि तीच सर्वांत गंभीर. विद्यार्थी पॅराशूट उघडत नाही हे दिसल्यावर ती आधी त्याला सरळ करायला गेली. स्कायडायव्हिंगमधला प्राधान्यक्रम वेगळा आहे: पॅराशूट उघडणं पहिलं, योग्य उंचीवर उघडणं दुसरं, स्थिर असताना उघडणं तिसरं. तिने हा क्रम तोंडपाठ म्हणून दाखवला होता. हवेत तो उलटा झाला. अस्थिर अवस्थेत उघडलं तर दोऱ्यांना पीळ पडू शकतो, पायलट चूट हातापायाला अडकू शकते. हे धोके खरे आहेत, पण न उघडण्यापुढे ते काहीच नाहीत.

तिच्यासाठी तयार केलेला आराखडा असा. ६,००० फुटांनंतर कुठलाही सराव नाही, विद्यार्थी जराही डळमळत असेल तर पकड घ्यायची. ५,५०० ला विद्यार्थी हात हलवून ओढतो. त्याने हालचाल केली नाही तर लगेच तर्जनीची खूण. ५,००० ला त्याचा हात धरून पायलट चूटकडे न्यायचा. ४,५०० पर्यंत झालं नाही तर प्रशिक्षकाने स्वतः उघडायचं, विद्यार्थी कसाही पडत असो. हाती लागलाच नाही तर ३,५०० पर्यंत प्रयत्न, तिथे सोडून वळायचं, दूर जायचं आणि स्वतःचं पॅराशूट उघडायचं. सी आणि डी लायसन्सधारकांसाठी यूएसपीएची पॅराशूट उघडण्याची किमान उंची २०१३ पासून २,५०० फूट आहे, त्याखाली विद्यार्थ्यामागे जाणं नाही.

टर्मिनल, म्हणजे स्थिरावलेल्या, वेगाला हजार फूट सुमारे साडेपाच सेकंदांत जातात. ५,५०० ते ३,५०० म्हणजे ११ सेकंद. एवढ्यात खूण, हात, उघडणं, सोडून जाणं हे चारही निर्णय बसवायचे. तिथे विचार करायला जागा नाही, म्हणून प्रत्येक पायरीला आकडा बांधलेला. ऐकू येणारा अल्टिमीटर ६,०००, ५,००० आणि ३,५०० ला लावला की मनगट बघायची गरज कमी होते. हात ग्रिपवर मोकळा राहतो.

३,५०० ला विद्यार्थ्याला सोडून जाणं बहुतेक उमेदवारांना सर्वांत जड जातं. सोडायचं ते विद्यार्थ्याच्या एएडीवर, म्हणजे ठरलेल्या उंचीवर आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या यंत्रावर. सायप्रेस हे स्वयंचलित यंत्र त्याच्या विद्यार्थी प्रकारात मुक्तपतनाच्या वेगाला ७५० फुटांवर रिझर्व्ह उघडतं, आणि अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली सेकंदाला १३ मीटरपेक्षा जास्त वेग असेल तर १,००० फुटांवर. यंत्र चालू असेल तर. तिसऱ्या उडीत ते बंद होतं.

तिसरी उडी: हवेत पास, जमिनीवर नापास

मूल्यमापकाने छातीचा पट्टा बकलमधून परत न ओवता तसाच सोडला होता, शिरस्त्राणाची क्लिप उघडी होती, एएडी बंद होतं. पट्टा तिने लगेच पकडला, शिरस्त्राणही. एएडी सुटलं. कारण विचारल्यावर कळलं की तिने फक्त समोरून पाहिलं. संच देताना पाठ तपासलेली होती असं तिने गृहीत धरलं.

तपासणी तीनदा होते: संच अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी, एक्झिटआधी. तिन्ही वेळा पूर्ण. समोरून तीनचा नियम: थ्री-रिंग (मेन पॅराशूट हार्नेसला जोडणारी कडी) आणि आरएसएल (मेन सोडल्यावर रिझर्व्ह उघडणारी दोरी), हार्नेस जोडणारे तीन बिंदू म्हणजे छातीचा पट्टा आणि दोन मांड्यांचे, आणि तीन हँडल म्हणजे मेन, कटअवे (बिघडलेलं मेन सोडून देणारा), रिझर्व्ह. मग पाठीवरून वरून खाली: एएडीचा डिस्प्ले, रिझर्व्ह पिन, मेन पिन, पायलट चूट खिशात नीट बसलीय का. एएडी विमानतळाच्या जमिनीवरच चालू करायचं असतं, कारण ते तिथली उंची शून्य धरतं. विमानात लक्षात आलं तर तिथे चालू करून चालत नाही, खाली उतरावं लागतं. म्हणून ही चूक दारातल्या तपासणीसाठी ठेवता येत नाही.

उडी स्वतः चांगली झाली. ती कमरेच्या रेषेत राहिली, मागे सरकणं सुरू होताच ग्रिपवर हात टाकला, ५,५०० ला हालचाल दिसली नाही तेव्हा खूण केली आणि ४,७०० ला पायलट चूट स्वतः टाकली. उघडताना पकडही नीट सोडली: विद्यार्थी उचलला जायला लागला की लगेच, एका बाजूने ओढ न देता, नाहीतर दोऱ्यांना पीळ पडतो. पॅराशूटखालचा विद्यार्थी १,०००, ६०० आणि ३०० फुटांच्या टप्प्यांवर लँडिंग पॅटर्नमध्ये वळतो का याची तिने नोंद ठेवली.

मग डीब्रीफ, म्हणजे उडीनंतरची चर्चा. विद्यार्थी बनलेला मूल्यमापक समोर बसलेला, आणि ती लगेच सुरू झाली: पाय दुमडताय, मान खाली जाते, उजवा हात डाव्यापेक्षा खाली आहे, अल्टिमीटर उशिरा बघता, आर्च छातीतून आहे, कमरेतून नाही... आठ-नऊ मुद्दे. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पुढच्या उडीत मी नेमकं काय करू?” ती गप्प झाली. त्या यादीत उत्तर नव्हतं.

डीब्रीफची पद्धत अशी. उतरून परत येताना विद्यार्थ्याकडूनच उडी सांगून घ्यायची, पहिल्या सेकंदापासून, मधे न बोलता. तो कुठला भाग विसरतो तिथेच त्याचं भान सुटलेलं असतं. मग काय बरोबर झालं ते सांगायचं. त्यानंतर एकच दुरुस्ती, फार तर दोन, आणि ती करून घ्यायची. या उडीत सगळ्या गोष्टींचं मूळ पायांत होतं: पाय आत, म्हणून मागे सरकणं, म्हणून मान खाली, म्हणून अल्टिमीटर उशिरा. त्याला टेबलावर पालथं झोपवायचं, पावलं ताणून नडग्यांवर ताण जाणवेपर्यंत पाय धरायला लावायचे, गुडघे साधारण ४५ अंशांत. मग लॉगबुकात तेवढंच लिहायचं, पुढच्या प्रशिक्षकाला कळेल अशा शब्दांत. बाकीचे सात मुद्दे प्रशिक्षकाने स्वतःपाशी ठेवायचे. त्यांतले पाच तर पाय सुधारले की आपोआप जातात.

पुन्हा मूल्यमापन आणि पुढे

मधल्या काळात तिने टनेल केलं, तपासणी दहा-दहा वेळा वेगवेगळ्या संचांवर मोठ्याने बोलत केली, आणि मित्रांना विद्यार्थी बनवून सरावाच्या उड्या केल्या. त्या उड्यांना एकच अट होती: पकड सोडल्यावर समोर जायचं नाही. हीच सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागला. फेरमूल्यमापनात दोन उड्या समाधानकारक झाल्या, त्यांतल्या एकीत मूल्यमापक ७,००० फुटांवर पाठीवर उलटला आणि तिने हजार फुटांच्या आत त्याला पोटावर आणलं.

रेटिंग मिळालं तरी शाळेने तिला थेट एकट्या-प्रशिक्षकाच्या उड्या दिल्या नाहीत. सुरुवातीला फक्त दोन प्रशिक्षकांच्या उड्या आणि ती रिझर्व्ह-साइडला, अनुभवी माणूस मेन-साइडला. ८५ किलोपेक्षा जड विद्यार्थी नाही. बेल्टशिवाय कुणाबरोबर, बेल्टसह कुणाबरोबर याची नोंद वजनासह प्रत्येक उडीमागे लिहायची. प्रत्येक उडीचा व्हिडिओ मुख्य प्रशिक्षकाबरोबर पाहायचा, आणि त्यात आधी विद्यार्थी नव्हे, तिचा आतला हात कुठे होता ते बघायचं.